सोलापुरात राहून यहुदी धर्माचे सुरुवातीचे वर्ग कसे शोधावेत?

प्रश्न असा आहे: "मी सोलापूरला राहतो, जन्माने हिंदू आहे. यहुदी धर्म मुळापासून शिकायचा आहे, पुढे जमलं तर स्वीकारायचाही विचार आहे. इथे वर्ग कुठे मिळतील? ऑनलाइन कोर्स चालतो का?"

सोलापुरात सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ, नाही, रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नाही आणि असा वर्गही नाही. शिकणं ऑनलाइनच होईल आणि माणसांना भेटायला पुण्याला किंवा मुंबईला जावं लागेल. मात्र धर्माची ओळख करून घेणं आणि धर्म स्वीकारणं हे दोन वेगळे रस्ते आहेत. नुसती ओळख हवी असेल तर खाली दिलेल्यांपैकी कोणताही चांगला वर्ग धरा. स्वीकारायचा विचार खरंच मनात असेल तर क्रम उलटा ठेवा. शेवटी कोणतं बेत दीन, म्हणजे तिघांचं धर्मपीठ, तुमची परीक्षा घेणार आणि कोणता रब्बी तुमची जबाबदारी घेणार हे आधी शोधा. मग त्यांना मान्य असलेला वर्ग निवडा. पुष्कळ जण आधी कोर्स करतात, प्रमाणपत्र हातात घेतात आणि नंतर त्यांना कळतं की बेत दीनपुढे तो फक्त हजेरीचा कागद आहे. वर्ग आज भरपूर आहेत. तुम्हाला आपलं म्हणणारा समाज आणि रब्बी मिळणं अवघड आहे, आणि मेहनत तिथे घालायला हवी.

कुणाकडे जायचं हे ठरवण्यासाठी तीन मुख्य प्रवाह माहीत हवेत. ऑर्थोडॉक्स प्रवाह धर्मशास्त्राचे नियम, म्हणजे हलाखा, पूर्णपणे बंधनकारक मानतो. कन्झर्व्हेटिव्ह किंवा मासोर्ती प्रवाह हलाखा मानतो, पण काळानुसार त्यात बदल करतो. रिफॉर्म किंवा प्रोग्रेसिव्ह प्रवाहात व्यक्तीच्या विचाराला आणि निवडीला जास्त जागा आहे. रिफॉर्म बेत दीनने स्वीकारलेला माणूस ऑर्थोडॉक्स सिनेगॉगमध्ये यहुदी धरला जात नाही. हे नंतर कळलं की फार मनस्ताप होतो, म्हणून आधीच सांगतो. लग्न, मुलं, इस्रायलला जाणं यांपैकी काही डोक्यात असेल तर ते पहिल्याच भेटीत रब्बीला स्पष्ट सांगा.

आता प्रत्यक्ष वर्गांकडे येऊ. अमेरिकेतली युनियन फॉर रिफॉर्म ज्युडाइझम ही संस्था सुरुवातीच्या शिकणाऱ्यांसाठी 'इंट्रोडक्शन टु ज्युडाइझम' हा कोर्स ऑनलाइन चालवते. त्याआधी चव घ्यायची असेल तर त्यांचाच 'अ टेस्ट ऑफ ज्युडाइझम' हा तीन बैठकांचा छोटा वर्ग असतो. लॉस एंजेलिसच्या अमेरिकन ज्युइश युनिव्हर्सिटीचा मिलर कोर्स १८ आठवड्यांचा आहे. त्याचा ओढा कन्झर्व्हेटिव्ह प्रवाहाकडे असला तरी वर्गात सगळ्या प्रकारची माणसं येतात. सण, शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतचा विश्रांतीचा दिवस), प्रार्थना, आहाराचे नियम, जन्म ते मृत्यूचे विधी, इतिहास, शोआ (नाझींनी केलेला यहुदींचा संहार), इस्रायल आणि थोडी हिब्रू असा या कोर्सेसचा साधारण आराखडा असतो. दोन्हीकडे धर्म न बदलणारे लोकही बसतात, त्यामुळे तुमच्यावर कसलं दडपण येत नाही.

फी भरण्याआधी आयोजकांना ईमेलवर काही गोष्टी विचारून घ्या. शिकवणारा रब्बी कोणत्या सेमिनरीतून दीक्षित झाला? हजेरी किती टक्के लागते आणि रेकॉर्डिंग पाहिलेलं हजेरीत धरतात का? भारतात राहणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक रब्बी मिळवून देतात का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. बऱ्याच कोर्सेसमध्ये रब्बी तुम्हीच शोधायचा असतो आणि परदेशातल्या रब्बीला दूरच्या माणसाची जबाबदारी घेणं जड जातं. त्याने तुम्हाला त्याच्या समाजात वावरताना पाहिलेलं नसतं.

वेळेचं गणित आधीच मांडा. लॉस एंजेलिसचा संध्याकाळी ६ चा वर्ग आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, उन्हाळ्यात ६:३० ला आणि हिवाळ्यात ७:३० ला. नोकरी करणाऱ्या सोलापूरकराला हा सगळ्यात सोयीचा. न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७ चा वर्ग उन्हाळ्यात पहाटे ४:३० ला आणि हिवाळ्यात ५:३० ला पडतो. लंडनचा ७ चा वर्ग रात्री ११:३० किंवा १२:३० ला. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, आपली बदलत नाहीत. त्या आठवड्यात हमखास कुणीतरी तासभर उशिरा येतं आणि वर्ग संपलेला असतो. शिवाय वाराचा घोळ होतो, कारण तिकडचा बुधवार संध्याकाळचा वर्ग म्हणजे आपली गुरुवार सकाळ. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना तिथल्या शहराची वेळ निवडून करा, म्हणजे बदल आपोआप होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोश हशाना ते सुक्कोत अशी सणांची रांग असते. तेव्हा वर्ग बंद असतात आणि रब्बी ईमेल पाहत नाहीत. नव्या तुकड्यांची चौकशी सण उरकल्यावर करणं बरं.

फी डॉलरमध्ये असते. २०२० पासून नवी कार्डं फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी चालू करून मिळतात. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार ही दोन्ही बटणं आधी चालू करा, मर्यादा ठरवा आणि पैसे भरून झाले की पुन्हा बंद करा. पैसे भरताना सगळ्यात जास्त अडचण इथेच येते आणि लोकांना वाटतं की आपला प्रवेश नाकारला. फी परवडत नसेल तर सवलत मागा. मागण्यात कमीपणा काही नाही, या कोर्सेसमध्ये ती पद्धतच आहे.

शोधताना एक गोष्ट नक्की समोर येईल. 'मेसियानिक ज्युडाइझम' किंवा 'हिब्रू मुळं' या नावाने फुकट वर्ग, व्हॉट्सॲप गट आणि व्हिडिओ दिसतील. शिंग फुंकणं, प्रार्थनेची शाल, हिब्रू गाणी, सगळं असतं, पण शिकवण येशूला मसीहा मानणारी असते. ती ज्याची श्रद्धा आहे त्याची आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मात्र यहुदी धर्माचा एकही मुख्य प्रवाह तिला यहुदी धर्म मानत नाही आणि तिथला अभ्यास कोणत्याही बेत दीनपुढे चालत नाही. 'येशुआ' (येशू) आणि 'ब्रित हदाशा' (नवा करार) हे शब्द दिसले की समजून घ्या. दुसरा सापळा म्हणजे पैसे भरा, चार आठवड्यांत ऑनलाइन धर्मांतर आणि कुरिअरने प्रमाणपत्र. मिकवे, म्हणजे विधीस्नान, साक्षीदारांसमक्ष खऱ्या पाण्यात करावं लागतं. ते झूमवर होत नाही. काबालाचे, म्हणजे यहुदी गूढविद्येचे, कोर्सही सुरुवातीला नकोत, तो या अभ्यासाचा वरचा मजला आहे.

आता माणसं. आपल्याकडे मराठी बोलणारा बेने इस्राएल समाज शतकानुशतकं कोकणात राहिला. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. भारतात उरलेले आज प्रामुख्याने मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगडात आहेत. तुम्हाला सगळ्यात जवळचं म्हणजे पुण्याच्या कॅम्पातलं ओहेल डेव्हिड, पुणेकरांचं लाल देऊळ. डेव्हिड ससून यांनी उभारलेलं हे सिनेगॉग १८६७ मध्ये पूर्ण झालं. रास्ता पेठेत सुक्कथ शेलोमो आहे. मुंबईत काळा घोड्याजवळ १८८४ चं केनेसेथ एलियाहू आणि भायखळ्याला मागेन डेव्हिड आहे. ही सगळी ऑर्थोडॉक्स परंपरेची. प्रोग्रेसिव्ह वळणाची एकच मंडळी आहे, मुंबईची ज्युइश रिलिजियस युनियन. डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने ती १९२५ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या सिनेगॉगचं नाव रोदेफ शालोम. अमेरिकन रिफॉर्म कोर्स करत असाल तर चौकशी इथे करणं सयुक्तिक ठरतं, कारण प्रवाह जुळतो. कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये खबाद या ऑर्थोडॉक्स संघटनेचं केंद्र आहे, पण खबादचं काम मुख्यतः जन्माने यहुदी असलेल्यांसाठी असतं. तिथे धर्मांतराचा आग्रह धरू नका.

थेट दारात जाऊन उभं राहू नका. नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाउसवर हल्ला झाला, तेव्हापासून सगळीकडे पहारा असतो आणि अनोळखी माणसाला आधी कळवल्याशिवाय आत सोडत नाहीत. आधी ईमेल किंवा पत्र पाठवा. पुणे-ठाण्याच्या सेक्रेटरींना मराठीत लिहिलेलं चालतं. साधारण असं लिहा:

"नमस्कार. मी सोलापूरला राहतो, वय अमुक, व्यवसाय अमुक, जन्माने हिंदू आहे. अमुक संस्थेचा सुरुवातीचा ऑनलाइन कोर्स करत आहे. माझा हेतू सध्या शिकण्याचा आहे. पुढचा निर्णय रब्बींच्या मार्गदर्शनाशिवाय घेणार नाही. आपली हरकत नसेल तर एखाद्या शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला मागे बसून हजर राहण्याची परवानगी हवी आहे. आधार कार्डची प्रत आणि कोर्सची पावती सोबत जोडली आहे."

यात धर्मांतर, इस्रायल, नागरिकत्व हे शब्द नाहीत, आणि ते मुद्दाम नाहीत. पहिल्याच पत्रात इस्रायलला जाण्याचा उल्लेख आला की हेतूबद्दल शंका येते. ते रब्बीला प्रत्यक्ष भेटीत सांगायचं. उत्तर दोन-तीन आठवडे आलं नाही तर एकदाच नम्रपणे आठवण करा. नकार आला तरी खचू नका. यहुदी धर्म स्वतःहून कुणाला बोलावत नाही आणि इच्छुकाला तीनदा परतवण्याची जुनी रीत आहे. त्यात बेने इस्राएल समाज लहान आहे. शेजारच्या धर्माच्या माणसांना ओढल्याचा आरोप त्यांना नको असतो, ही सावधगिरी समजून घ्या.

परवानगी मिळाली तर शुक्रवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जा, कॅम्पात चालत जाता येईल अशी खोली घ्या आणि शनिवारी रात्र पडल्यावर किंवा रविवारी परता. शनिवारी सिनेगॉगच्या दारात रिक्षातून उतरणं बरं दिसत नाही. मोबाइल आणि पाकीट खोलीवर ठेवा, फोटो अजिबात नको. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी तिथे मिळते. ऑर्थोडॉक्स सिनेगॉगमध्ये बायका वेगळ्या बसतात. सामुदायिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांच्या गटात, म्हणजे मिन्यानमध्ये, तुम्ही मोजले जाणार नाही आणि तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, वाचली जाताना तुम्हाला पुढे बोलावलं जाणार नाही. चुकून कुणी बोलावलं तर "मी पाहुणा आहे" असं हळूच सांगा. प्रार्थना सेफार्दी, म्हणजे मुळात स्पेनकडच्या यहुदींच्या, पद्धतीची असते. अमेरिकन वर्गातले 'शूल' (सिनेगॉग), 'शब्बोस' (शब्बाथ) हे अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या यहुदींचे, शब्द इथे कानावर पडणार नाहीत.

वर्ग सुरू होईपर्यंतचा वेळ वाया घालवू नका. हिब्रूची २२ अक्षरं आणि त्यांतल्या पाच अक्षरांची शब्दाच्या शेवटी येणारी वेगळी रूपं रोज वीस मिनिटं गिरवा. लिपी उजवीकडून डावीकडे जाते. त्सादी हे अक्षर मराठी माणसाला सोपं जातं, कारण 'चांगला' मधला च तोच आहे. खेत आणि खाफ या अक्षरांसाठी मात्र घशातून खरखरीत ख काढावा लागतो. भाषा शिकवणारी ॲप आधुनिक बोलीभाषा शिकवतात. तुम्हाला हवी आहे ती स्वरचिन्हांसह प्रार्थनापुस्तक, म्हणजे सिद्दूर, वाचता येण्यापुरती. वाचनासाठी सेफारिया हे संकेतस्थळ फुकट आहे, मूळ हिब्रू आणि इंग्रजी समोरासमोर दिसतं. मराठी हवं असेल तर पवित्र शास्त्रातला जुना करार वापरा, पण तो ख्रिस्ती मांडणीचा आहे हे लक्षात ठेवा. यहुदी तनाख, म्हणजे हिब्रू बायबल, इतिहासाच्या पुस्तकांनी संपतो, मलाखीच्या पुस्तकाने नाही. मलाखीचे अध्यायही तिकडे तीन आणि इकडे चार. वर्गात अध्याय-वचन सांगितलं आणि तुमच्या पुस्तकात भलतंच निघालं तर कारण हे असतं. सुरुवात रूथच्या पुस्तकाने करा, परक्या समाजातून येऊन हा धर्म स्वीकारणाऱ्या स्त्रीच्या. चारच अध्याय आहेत आणि धर्म स्वीकारणाऱ्यांबद्दलचा प्रत्येक वर्ग तिच्याशी येऊन थांबतो. तोराचे वर्षभरात वाचायचे ५४ भाग आहेत. हेबकॅल या संकेतस्थळावर सोलापूर निवडलंत की या आठवड्याचा भाग आणि शब्बाथचे दिवे लावण्याची वेळ दोन्ही मिळतात.

दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावतात. ही वेळ पुण्या-मुंबईची उचलू नका. सोलापूर पूर्वेला असल्याने इथे सूर्य काही मिनिटं आधी मावळतो आणि सूर्यास्तानंतर दिवा लावणं म्हणजे शब्बाथ मोडणं. किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीला द्राक्षरसावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, कोशर (आहाराच्या नियमांत बसणारी) वाइन सोलापुरात मिळणार नाही, पण त्यावर बेने इस्राएल घरांतला उपाय आपल्या जिल्ह्याला अगदी सोयीचा आहे, मनुकांचं शरबत. एक वाटी काळ्या मनुका कोमट पाण्यात दोनदा नीट चोळून धुवा, कारण वाळवताना द्राक्षांना तेलकट द्रावणाचा हात दिलेला असतो. मग तीन वाट्या पाण्यात गुरुवारी रात्री भिजत घाला. शुक्रवारी सकाळी हाताने कुस्करून पातळ फडक्यातून पिळून घ्या आणि संध्याकाळपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा. पाणी जास्त झालं तर चव पांचट होतेच, शिवाय द्राक्षरसाचा आशीर्वाद म्हणता येईल का असाही प्रश्न येतो. साखर लागत नाही. बाहेर ठेवलंत तर मे महिन्यात संध्याकाळपर्यंत आंबेल.

एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. तालमुद या धर्मशास्त्राच्या चर्चाग्रंथातल्या सनहेद्रिन ५८ब च्या आधारे, धर्म स्वीकारण्याआधी माणसाने शब्बाथ शंभर टक्के पाळू नये असं मानतात. म्हणून ऑर्थोडॉक्स मार्गावरचा उमेदवार दर शब्बाथला एखादी गोष्ट, उदाहरणार्थ एकदा दिव्याचं बटण दाबणं, मुद्दाम करतो. तुम्ही काय करायचं ते रब्बीला विचारा.

खाण्यात एकदम उड्या मारू नका. डुक्कर आणि कोळंबी सोडा, मांसाच्या जेवणात दूध-दही-तूप घेणं थांबवा. माशाला पंख आणि खवले दोन्ही हवेत. उजनीची चिलापी, रोहू, कटला चालतात, मांगूर चालत नाही. कोशर मटण सोलापुरात नाही, त्यामुळे शाकाहारी राहणं सगळ्यात सरळ. शेंगाचटणी आणि भाकरीला धर्माची काही हरकत नाही.

घरच्यांचं काय, हा प्रश्न अमेरिकन शिक्षक ख्रिसमसच्या झाडाचं उदाहरण घेऊन सोडवतो. तुमचा प्रश्न गड्ड्याच्या यात्रेचा, घरच्या गणपतीचा आणि हातावर ठेवलेल्या प्रसादाचा आहे. तो वर्गात तुम्हीच काढायला हवा, नाहीतर कोर्स संपेल आणि उत्तर मिळणार नाही. मूर्तीपूजा हा यहुदी धर्मात सगळ्यात गंभीर विषय आहे, तिथे सवलत मागून मिळत नाही. पण आईवडिलांचा मान राखणं हीही आज्ञा आहे आणि धर्म स्वीकारल्यावरही ते आईवडीलच राहतात. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आईला हात धरून नेणं आणि स्वतः पूजा करणं यांत रब्बी फरक करेल. तो फरक कुठे पडतो हे तुमच्या घराची नेमकी रीत सांगून विचारा, मोघम विचारलंत तर उत्तरही मोघम येईल.

प्रत्यक्ष स्वीकाराला किमान सणांचं एक पूर्ण वर्ष धरा, ऑर्थोडॉक्स मार्गाला त्याहून जास्त. तिथे सिनेगॉगपासून चालण्याच्या अंतरावर राहायला जावं लागतं, म्हणजे सोलापूर सोडावं लागतं. हा निर्णय वर्गाच्या फीपेक्षा कितीतरी मोठा आहे. पुरुषांसाठी सुंता लागते. ती आधीच एखाद्या दवाखान्यात उरकून घेऊ नका. विधी म्हणून केलेली नसेल तर नंतर रक्ताचा थेंब काढण्याचा वेगळा विधी करावाच लागतो. मिकवेसाठी समुद्र चालतो, ही आपल्याकडची मोठी सोय. भारतात धर्मांतराचं बेत दीन भरवणं नाजूक झालं आहे. २००५ मध्ये, स्वतःला इस्राएलच्या हरवलेल्या टोळीचे वंशज मानणाऱ्या ईशान्येतल्या बेने मनाशे लोकांसाठी इस्रायलहून रब्बी आले होते. भारत सरकारने हरकत घेतली आणि पुढची धर्मांतरं इस्रायलमध्ये होऊ लागली. कागद किती जपावे लागतात हे बेने इस्राएलांकडून शिका. जन्माने यहुदी असूनही लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी होत होती आणि पूर्ण मान्यतेसाठी त्यांना इस्रायलमध्ये १९६४ पर्यंत झगडावं लागलं. हजेरीपत्रकं, रब्बींची पत्रं, पावत्या, सगळं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. त्या वेळी राज्यात धर्मांतराचे नियम काय आहेत हे वकिलाकडून लेखी घ्या. अनुसूचित जातीचा दाखला असेल तर १९५० च्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांखेरीज दुसऱ्या धर्मात गेल्यावर तो लाभ राहत नाही. हिंदू पद्धतीने लग्न झालं असेल तर जोडीदाराला १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली घटस्फोट मागता येतो. वडिलोपार्जित वाटा तुमचा जात नाही. पण १९५६ च्या वारसा कायद्याच्या कलम २६ मुळे, धर्मांतरानंतर झालेल्या तुमच्या मुलांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये यहुदींना अल्पसंख्याक दर्जा दिला आहे. राजपत्रात धर्मबदल नोंदवता येतो, पण ही पायरी बेत दीनच्या प्रमाणपत्रानंतरची आहे. आधी राजपत्र करून ठेवलंत तर हिंदू म्हणून असलेले हक्क अडचणीत येतील आणि यहुदी म्हणून तुम्हाला कुणी ओळखणार नाही.